श्रोता, प्रतिनिधी आणि सभासद : विज्ञानकथाप्रेमींच्या जागतिक संमेलनातील एका दिवसाचे वाचन

१

साहित्यप्रकाराचा विचार करताना समीक्षा सामान्यतः संहिता, लेखक आणि परंपरा या तीन घटकांकडे पाहते. वाचक हा चौथा घटक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्धान्ताच्या पातळीवर मान्य झाला. परंतु सिद्धान्तातला हा वाचक बहुधा एकटा असतो. तो खोलीत बसून वाचतो, रिकाम्या जागा भरतो, अपेक्षांच्या क्षितिजावर कृती पारखतो. वाचक एकत्र जमतात, वर्गणी भरतात, नियम करतात, मतदान करतात आणि भांडतातही, या वस्तुस्थितीची नोंद मात्र समाजशास्त्राच्या खात्यावर टाकून समीक्षा मोकळी होते. विज्ञानकथा आणि अद्भुतिका या प्रकारांच्या बाबतीत अशी मोकळीक घेता येत नाही, कारण या प्रकारांचा आधुनिक इतिहास वाचकांच्या संघटनेपासून वेगळा काढता येत नाही.

एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले. या मासिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापली जात. हा संपादकीय तपशील किरकोळ वाटला तरी त्याचा परिणाम दूरगामी ठरला. वाचक संपादकाला डावलून परस्परांना पत्रे लिहू लागले, त्या पत्रांतून मंडळे निघाली, आणि मंडळांनी चक्रमुद्रित नियतकालिके काढली. त्यांना पुढे १९४० मध्ये ‘फॅनझीन’ हे नाव मिळाले. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फिया आणि लीड्स येथे लहान मेळावे झाले आणि जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन, म्हणजेच ‘वर्ल्डकॉन’, भरले. दुसऱ्या महायुद्धातील १९४२ ते १९४५ हा खंड सोडला तर ते दरवर्षी होत आले आहे. २०२५ मध्ये सिअॅटल येथे झालेले संमेलन ८३ वे होते.

या संमेलनातील एक दिवस हीच एक संहिता मानून तिचे वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा दिवस वाचकाला कोणते स्थान देतो, ते स्थान साहित्यकृतीपर्यंत कसे पोहोचते आणि त्याच्या मर्यादा कोठे आहेत, हे तीन प्रश्न येथे केंद्रस्थानी आहेत.

२

दिवसाची सुरुवात नोंदणीच्या रांगेत होते. येथे विकले जाते ते तिकीट नव्हे, सभासदत्व. आणि हा भेद केवळ शब्दाचा नाही. वर्ल्डकॉनला येणारी व्यक्ती त्या वर्षापुरती जागतिक विज्ञानकथा संस्थेची सभासद होते. या संस्थेला कायमस्वरूपी कार्यकारिणी नाही. दरवर्षीचे संमेलन त्या त्या गावची समिती भरवते. ह्यूगो पारितोषिकांसाठी नामांकन करण्याचा व मत देण्याचा, पुढील संमेलन कोणत्या शहरात व्हावे हे ठरवण्याच्या मतदानात भाग घेण्याचा, आणि संस्थेच्या सर्वसाधारण सभेत बसून घटना बदलण्याचा अधिकार सभासदाला असतो. घटनादुरुस्ती लागोपाठ दोन वर्षांच्या सभांनी मान्य करावी लागते, म्हणजे एका वर्षीच्या उत्साहाला दुसऱ्या वर्षीच्या सभासदांचा लगाम आहे. संमेलनाचे काम करणारे स्वयंसेवक विनावेतन काम करतात, आणि परिसंवादात बोलणाऱ्या लेखकांपैकी बहुतेकांनीही सभासदत्वाची वर्गणी भरलेली असते.

गळ्यात अडकवायच्या नामपट्टीवर प्रत्येकाला हवे ते नाव घालता येते. अनेकांची चाहत्यांच्या वर्तुळातील टोपणनावे जन्मनावापेक्षा अधिक परिचित असतात. नामपट्टीखाली रंगीत फितींची शेपटी दिवसभर वाढत राहते : कोणी स्वयंसेवक, कोणी नामांकित लेखक, कोणी पहिल्यांदाच आलेला, कोणी केवळ एखाद्या विनोदाचा धनी. सभासदाची प्रतिष्ठा आणि थट्टा एकाच दोरीला लोंबकळत असते.

कार्यक्रमपत्रिका हाती पडताच पहिला पेच उभा राहतो. एकाच तासाला दहा-बारा दालनांत दहा-बारा कार्यक्रम चालू असतात. एकीकडे परकीय ग्रहावरील भाषांचे व्याकरण, दुसरीकडे मंगळावरील शेतीचे रसायन, तिसरीकडे एखाद्या विस्मृत लेखिकेचे पुनर्वाचन. म्हणजे संपूर्ण संमेलन असे कोणालाच पाहता येत नाही. प्रत्येक सभासद आपला दिवस स्वतः रचतो आणि दोन सभासदांचे दिवस क्वचितच सारखे असतात. ज्या सभेत एकच मंडप आणि एकच व्यासपीठ असते तेथे श्रोत्यांना एक समान अनुभव मिळतो, परंतु त्या अनुभवाची रचना आयोजकांच्या हाती राहते. येथे निवडीची जबाबदारी आणि काहीतरी हुकल्याची खंत दोन्ही वाचकाकडे आलेली आहेत.

परिसंवादाची मांडणीही लक्षणीय आहे. चार-पाच जण एका टेबलामागे बसतात, त्यांपैकी एक सूत्रधार असतो, लिखित भाषण बहुधा नसते, आणि तासाचा शेवटचा भाग श्रोत्यांचा असतो. टेबलामागे बसलेल्यांत प्रसिद्ध कादंबरीकाराशेजारी केवळ वाचक म्हणून नावाजलेली व्यक्ती असू शकते. सन्माननीय अतिथींमध्ये लेखक व चित्रकार यांच्याबरोबर ‘चाहता-अतिथी’ निवडण्याचा प्रघात आहे, आणि ह्यूगो पारितोषिकांत फॅनझीन, चाहता-लेखक व चाहता-चित्रकार असे स्वतंत्र विभाग आहेत. उत्तम वाचक असणे ही स्वतंत्रपणे गौरवण्याजोगी कामगिरी आहे, असे मानणारी पारितोषिकव्यवस्था साहित्यजगात विरळाच.

दुपारी पुस्तकविक्रीच्या दालनात जुन्या कागदी बांधणीच्या पुस्तकांचे गठ्ठे, चित्रप्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली बोली लिहिण्याचा कागद, आणि पुढील संमेलनाचे यजमानपद मागणाऱ्या शहरांची टेबले दिसतात. ‘काफेक्लाच’ या जर्मन नावाच्या उपक्रमात आठ-दहा वाचक आधी नाव नोंदवून एका लेखकाभोवती कॉफी घेत तासभर बसतात. या सर्वांत समान असे एक सूत्र आहे : लेखक व वाचक यांच्यातील अंतर नाहीसे झालेले नाही, पण ते ओलांडण्यासाठी ठरलेल्या वाटा आहेत आणि त्या सर्वांना ठाऊक आहेत. या वाटांवरून वाचक लेखक झाले आहेत. १९३९ च्या संमेलनाला लॉस एंजेलिसहून उसन्या पैशांवर बसने आलेला अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी आणि त्याच वर्षी पहिली कथा छापून आलेला एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमॉव्ह ही त्याची ठळक उदाहरणे होत.

३

संध्याकाळी संमेलनाचे रूप पालटते. वेशभूषेची परंपरा पहिल्याच संमेलनाइतकी जुनी आहे. १९३९ मध्ये फॉरेस्ट ॲकरमन आणि ‘मोरोजो’ या टोपणनावाने वावरणाऱ्या मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील पोशाख घालून आले होते. पोशाखांची कल्पना व शिवण मोरोजो यांची. प्रसिद्धी मात्र दीर्घकाळ मुख्यतः ॲकरमन यांना मिळाली. पुढे वेशभूषेच्या स्पर्धेला मंच मिळाला, आणि आज जगभर रूढ झालेल्या ‘कॉस्प्ले’च्या पूर्वपीठिकेत या परंपरेला महत्त्वाचे स्थान आहे.

या वेशांतराचा अर्थ लावताना बाख्तिन यांची ‘कार्निव्हल’ ही संकल्पना सहज आठवते. परंतु येथे काहीसा सावधपणा हवा. कार्निव्हलमध्ये प्रचलित सत्तेची उलथापालथ होते; येथील वेशधारी एखाद्या संहितेशी निष्ठा दाखवतो. पोशाखाची शिवण, शस्त्राची मूठ, कपाळावरची खूण यांतील अचूकता हीच त्याची टीका असते. कोणते पात्र निवडले, त्यात काय बदलले, पुरुषपात्र स्त्रीने कसे साकारले, यांतून वाचनाचा एक पक्ष मांडला जातो. हेन्री जेनकिन्स यांनी १९९२ च्या ‘टेक्स्चुअल पोचर्स’ या ग्रंथात मिशेल द सर्तो यांच्याकडून घेतलेले ‘चोरून शिकार करणारा वाचक’ हे रूपक वापरले होते. दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांना ते चांगले लागू पडते, कारण तेथे राखीव रान दुसऱ्याच्या मालकीचे असते. वर्ल्डकॉनमध्ये मात्र रानाच्या राखणीत वाचकाचाही वाटा आहे, आणि म्हणून शिकाऱ्यापेक्षा सामाईक गायरानाच्या हिस्सेदाराचे रूपक येथे अधिक समर्पक ठरेल.

रात्री उशिरा एखाद्या लहान खोलीत वर्तुळ करून गाणी म्हटली जातात. परिचित चालींवर अंतराळयानांची, ड्रॅगनांची, कधी संमेलनातील गैरसोयींची गाणी रचलेली असतात. या प्रकाराला ‘फिल्क’ म्हणतात. १९५०च्या दशकात एका लेखात ‘फोक’ या शब्दाच्या मुद्रणदोषातून हा शब्द जन्मला आणि चाहत्यांनी तो दोष दुरुस्त न करता स्वीकारला. लोकगीताला जशी अनामिक कर्त्यांची परंपरा असते तशी ही छापील माध्यमाच्या युगातील, चुकीच्या खिळ्यातून उगवलेली लोकपरंपरा आहे. वर्तुळातील प्रत्येकाला पाळीपाळीने गाण्याची संधी मिळते. आवाज चांगला असण्याची अट नाही.

या रात्रीच्या वर्तुळातील समभावाचे वर्णन व्हिक्टर टर्नर यांच्या ‘कम्युनिटास’ या संज्ञेने करता येते. येथे तौलनिक अभ्यासकांना एक दुवा विशेष महत्त्वाचा वाटेल. टर्नर यांनी तीर्थयात्रेतील समभावाचा विचार करताना पंढरीच्या वारीवरील इरावती कर्वे यांच्या लेखाचा आधार घेतला आहे. कर्वे यांना वारीत प्रेमाचा व एकत्वाचा अनुभव आला. त्याचबरोबर दिंडीत जेवणाच्या पंगती जातवार वेगळ्या बसतात ही बोचही त्यांनी नोंदवली. समभावाचा अनुभव खरा, आणि त्याच्या आतली भिंतही खरी. विज्ञानकथाप्रेमींच्या दिवसाकडे याच दुहेरी नजरेने पाहावे लागते.

४

पहिल्या संमेलनाच्या पहिल्याच दिवशी दार बंद झाले होते. २ जुलै १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या ‘फ्यूचरियन्स’ या डाव्या विचारांच्या मंडळातील सहा तरुणांना आयोजकांनी प्रवेश नाकारला. आयोजकांच्या कथित हुकूमशाहीविरुद्धचे एक पत्रक सभागृहात सापडले, हे निमित्त. वगळलेल्यांमध्ये डोनाल्ड वोल्हाइम, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ आणि रॉबर्ट लोन्डिस होते. पुढील काळात या प्रकाराचे लेखन, संपादन आणि प्रकाशन यांवर त्यांचा ठसा उमटला. असिमॉव्ह त्याच वर्तुळातले असूनही आत जाऊ शकले आणि याची टोचणी आपल्याला लागली, असे त्यांनी पुढे लिहिले. ज्या साहित्याचा विषय ‘उद्याचे जग’ हा होता, त्याच्या वाचकांचा पहिला वाद उद्याच्या जगाच्या राजकारणावरून व्हावा, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

पुढची दारे इतकी उघडपणे बंद नव्हती. सॅम्युएल डिलेनी यांनी १९९८ च्या आपल्या निबंधात वंशभेदाचा विचार करताना एक साधी गोष्ट दाखवली आहे. ऑक्टेव्हिया बटलर आणि ते यांच्या लेखनात साम्य फार थोडे. तरी संमेलनांतून दोघांना पुन्हा पुन्हा एकत्र बसवले जाई. प्रवेश आहे, सन्मान आहे, पण कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्याच्या डोळ्यांत वर्ण हाच विषय झालेला आहे. स्त्रियांना संमेलनांतून सोसाव्या लागलेल्या लगटीचा व छळाचा उच्चारही दीर्घकाळ विनोदाच्या अंगानेच होत असे. संमेलनांच्या आचारसंहिता त्या मानाने फार अलीकडच्या आहेत.

दार उघडत नसेल तर दुसरे घर बांधणे, हा उपाय चाहत्यांनी १९७७ मध्ये केला. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे ‘विस्कॉन’ हे स्त्रीवादी विज्ञानकथेला वाहिलेले संमेलन सुरू झाले. १९९१ मध्ये याच संमेलनात लिंगभावाचा नव्याने शोध घेणाऱ्या कृतींसाठी एक पारितोषिक जाहीर झाले. ‘जेम्स टिप्ट्री’ या पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या ॲलिस शेल्डन यांचे ते टोपणनाव या पारितोषिकाला देण्यात आले होते. २०१९ मध्ये ते बदलून ‘अदरवाइज’ करण्यात आले. पारितोषिकाचा निधी चाहत्यांनी घरी भाजलेले केक-बिस्किटे विकून उभा केला. १९९९ मध्ये विस्कॉनच्याच वर्तुळातून ‘कार्ल ब्रँडन सोसायटी’ निघाली. कार्ल ब्रँडन हा १९५०च्या दशकात काही गोऱ्या चाहत्यांनी गंमत म्हणून निर्माण केलेला, प्रत्यक्षात नसलेला कृष्णवर्णीय चाहता. ज्यांची जागा एका काल्पनिक माणसाने भरून काढली होती, त्यांनी त्याचेच नाव आपल्या संस्थेला दिले.

सभासदांच्या अधिकाराची कसोटी २०१५ मध्ये लागली. ह्यूगोची निवड ‘पुरोगामी’ झाली आहे असे मानणाऱ्या गटांनी तयार याद्या प्रसृत केल्या आणि थोड्या पण एकवटलेल्या मतांच्या बळावर अनेक विभागांतील नामांकने व्यापली. अंतिम फेरीत ५,९५० मतपत्रिका आल्या आणि सभासदांनी पाच विभागांत ‘पारितोषिक नको’ या पर्यायाला कौल दिला. त्यानंतर सर्वसाधारण सभेने २०१५ व २०१६ अशी दोन वर्षे ठराव करून नामांकने मोजण्याची पद्धत बदलली. याच वर्षी केन लिऊ यांनी अनुवादिलेली लिऊ त्सीशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही उत्कृष्ट कादंबरी ठरली; अनुवादित कादंबरीला हा मान प्रथमच मिळाला. पुढे २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे एन. के. जेमिसिन यांनी हे पारितोषिक मिळवले. सभासद बदलले तेव्हा अभिरुचीचा मानदंडही बदलला, हे येथे उघड दिसते.

परंतु २०२३ च्या चेंगडू येथील संमेलनाने या व्यवस्थेची दुसरी बाजू दाखवली. जानेवारी २०२४ मध्ये नामांकनांची आकडेवारी प्रसिद्ध झाली तेव्हा आर. एफ. कुआंग यांच्या ‘बेबल’सह काही कृती व व्यक्ती कारण न देता ‘अपात्र’ ठरवल्याचे आढळले. नामांकितांच्या राजकीय मतांची माहिती पारितोषिक-व्यवस्थापनातील काहींनी आधीच गोळा केली होती, हे फेब्रुवारीत उघड झाले. सभासदांच्या मताला मोजणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचा आधार लागतो आणि तो आधार घटनेत लिहून मिळत नाही. तथापि आकडेवारी प्रसिद्ध करणे बंधनकारक होते म्हणूनच प्रश्न विचारता आले, हेही तितकेच खरे.

भूगोलाची भिंत यांहून जुनी आहे. ‘जागतिक’ म्हणवणारे हे संमेलन बहुतांशी अमेरिकेत भरत आले. १९५७ मध्ये ते लंडनला गेले, १९७० मध्ये हायडेलबर्गला, आणि आशियात प्रथम २००७ मध्ये योकोहामाला. भारतात, आफ्रिकेत वा दक्षिण अमेरिकेत ते आजवर भरलेले नाही. सभासदत्वाची वर्गणी, विमानाचे भाडे, हॉटेल आणि व्हिसा यांच्या चाळणीतून उरतो तो ‘जगातील वाचक’.

५

भारतीय भाषांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. बंगालीत अद्रीश वर्धन यांनी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथेचे मासिक काढले आणि १९६६ मध्ये कोलकात्यात ‘सायन्स फिक्शन सिने क्लब’ स्थापन झाला. सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते व प्रेमेंद्र मित्र उपाध्यक्ष. म्हणजे तेथे मासिक, लेखक आणि सभासद-रसिक ही साखळी काही काळ तरी जुळली होती.

मराठीत विज्ञानकथेला आश्रय मिळाला तो मुख्यतः मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) कथास्पर्धेचा आणि ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या दिवाळी अंकांचा. जयंत नारळीकर यांनी १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून हे नाव त्यांनी घेतले, ते परीक्षकांनी कीर्तीपेक्षा कथा पाहावी यासाठी. संमेलनातील चाहता ओळखले जावे म्हणून टोपणनाव घेतो. येथे लेखक ओळख लपावी म्हणून घेतो. दोन्ही नावांमागे दोन वेगळ्या साहित्यव्यवस्था आहेत. एकीत न्याय करणारे सहवाचक असतात, दुसरीत तज्ज्ञ. मराठी विज्ञानकथेत समजावून सांगणारा शास्त्रज्ञ आणि ऐकणारा मित्र ही जोडी इतकी वेळा का भेटते, याचे एक उत्तर या व्यवस्थेत सापडू शकेल : वाचकाची कल्पना विद्यार्थी म्हणून केलेली आहे. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आदींच्या उत्तम कथांनी ही चौकट ओलांडली. पण ती ओलांडल्याचे सांगणारा संघटित वाचक त्यांना लाभला नाही.

मराठी साहित्य संमेलनाची परंपरा तर वर्ल्डकॉनहून साठ वर्षांनी जुनी आहे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. शूद्रातिशूद्रांचे हक्क न मानणाऱ्यांच्या सभांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. न्यूयॉर्कचे बंद दार आणि मॅडिसनचे नवे घर यांच्याशी या दोन घटनांची तुलना करताना भेदही लक्षात ठेवावा लागेल : फ्यूचरियन्सना आत यायचे होते आणि त्यांना अडवले गेले, फुल्यांना बोलावले गेले आणि ते गेले नाहीत. अडवलेल्याची तक्रार आणि नाकारणाऱ्याचा निर्णय यांचे नैतिक वजन सारखे नसते.

२०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. विज्ञानकथेला व्यासपीठावर मान मिळाला, ही मोलाची गोष्ट होय. परंतु मंडपातील वाचक श्रोता किंवा फार तर प्रतिनिधी राहिला. २०१९ पासून तर अध्यक्षपदाची, मर्यादित मतदारांपुरती का होईना, असलेली निवडणूकही थांबली आणि महामंडळाकडून निवड होऊ लागली. दुसरीकडे चाहत्यांच्या संमेलनाचे जे रूप २०११ मध्ये दिल्लीतील पहिल्या ‘कॉमिक कॉन’पासून भारतात रुजले ते तिकिटाचे आहे. तेथे उत्साह आहे, वेश आहेत, खरेदी आहे, मतपत्रिका नाही. म्हणजे वर्ल्डकॉनची संध्याकाळ भारतात पोहोचली, तिची सकाळ, ती सर्वसाधारण सभा, वाटेतच राहिली.

वाचकाला साहित्यात अधिकार असावा काय, या प्रश्नाचे उत्तर हा दिवस सरळपणे देत नाही. सभासदत्वाने १९३९ चे दार बंद होण्यापासून वाचवले नाही, की २०२३ ची यादी शुद्ध ठेवली नाही. त्याने एवढेच केले, की अन्याय झाला तेव्हा हिशेब मागण्याची जागा उपलब्ध ठेवली. श्रोत्याला नापसंती वाटली तर तो उठून जाऊ शकतो. सभासदाला बसून राहून ठराव मांडता येतो, आणि त्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागते. भारतीय भाषांतील साहित्यसंमेलनांच्या तौलनिक इतिहासात अध्यक्षीय भाषणांचे खंड भरपूर आहेत. मंडपात बसलेल्यांना काय ठरवता येत होते, याचा इतिहास मात्र अजून लिहिला जायचा आहे.